ब्रॉडबँडच्या वायरीतला पिवळा धागा

फायबरचं कनेक्शन जोडायला माणूस आला की त्याच्या हाताकडे बघा. केबलचं आवरण सोललं की आतून अनेकदा पिवळसर, रेशमासारखे चमकणारे धागे निघतात. साधी कात्री त्यांवर नुसती घसरते. हे ॲरामिड. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव केव्हलार.

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी ते शोधलं. (बाईंना व्हायचं होतं डॉक्टर, फीचे पैसे साठवायला नोकरी धरली आणि तिथंच रमल्या.) टायरसाठी हलका पण दणकट धागा हवा होता. एकदा त्यासाठी केलेलं द्रावण झालं पातळ, गढूळ, थेट ताकासारखं. दुसऱ्या कुणी मोरीत ओतलं असतं. धागा काढणाऱ्या यंत्रावरचा माणूसही आधी नाहीच म्हणाला, छिद्रं तुंबतील! बाईंनी हेका सोडला नाही. त्या द्रावणातले काडीसारखे ताठ रेणू धागा ओढताना एकाच दिशेत रांगेनं बसतात. सगळी ताकद त्यातच. वजनास वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत! बुलेटप्रूफ जॅकेटं त्याचीच विणली गेली.

उन्हात मात्र हा पठ्ठ्या कमजोर पडतो, म्हणून कायम आवरणाखाली.

तुकडा मिळाला तर ओढून बघा, पण जपून. बोट कापेल, धागा तुटणार नाही.