अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि तोंडावाटे घ्यावयाची कॉर्टिकोस्टिरॉइड औषधे : सुरक्षित वापराचा विचार

प्रस्तावना :

अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या श्लेष्मल आवरणाचा दीर्घकालीन दाहविकार होय. गुदाशयापासून सुरू होणारा हा दाह वरच्या दिशेने सलग पसरतो. रक्तमिश्रित जुलाब, शौचाची अनावर घाई, पोटात कळा आणि थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे. रोगाचा प्रारंभ बहुधा तारुण्यात होत असल्याने महाविद्यालयीन विद्यार्थीही त्यातून सुटत नाहीत. या विकारात दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनसारख्या औषधांविषयी समाजात दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. 'स्टिरॉइड' हा शब्द कानी पडताच काहीजण औषध घेण्याचेच नाकारतात. तर काहीजण एकदा गुण आला म्हणून जुन्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळ्या आणत राहतात. पहिल्या भीतीमागे बऱ्याचदा शरीरसौष्ठवासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲनाबॉलिक स्टिरॉइडशी झालेली गल्लत असते. ती औषधे वेगळी. दुसरी वृत्ती मात्र अधिक घातक आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य रोख तिच्याकडेच आहे.

उपयुक्ततेचा आधार :

कॉर्टिसोनच्या संशोधनाबद्दल केंडल, हेंच आणि राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसवरील नियंत्रित चाचणीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. चाचणीतील २१० रुग्णांपैकी कॉर्टिसोन मिळालेल्यांत सहा आठवड्यांअखेर ४१.३ टक्के रुग्णांचा रोग शमला. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण १५.८ टक्के होते. याच संशोधकांच्या १९५९ मधील दुसऱ्या चाचणीचे महत्त्व त्याहून कमी नाही, पण तिचा उल्लेख क्वचित होतो. रोग शमल्यावर कॉर्टिसोनची लहान मात्रा चालू ठेवल्याने तो पुन्हा उफाळण्यास आळा बसत नाही, असे तीत दिसून आले. म्हणजे हे औषध आग विझविणारे आहे, पहारा देणारे नव्हे. पहाऱ्याचे काम मेसालाझिन, अझाथायोप्रिन किंवा अलीकडील जैविक औषधे करतात. ही विभागणी लक्षात आली की सुरक्षित वापराचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

मात्रा आणि तिची उतरण :

सौम्य ते मध्यम विकारात प्रथम मेसालाझिन तोंडावाटे व गुदमार्गे दिले जाते. त्याने भागले नाही तर प्रेडनिसोलोनचा विचार होतो. प्रौढांसाठी दिवसाला ४० मि.ग्रॅ. ही रूढ मात्रा मनमानी नाही. १९६२ साली २०, ४० आणि ६० मि.ग्रॅ. अशा तीन मात्रांची तुलना करण्यात आली. तीत २० पेक्षा ४० मि.ग्रॅ. सरस ठरले, ६० मि.ग्रॅ.ने लाभ फारसा वाढला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. गोळ्या सकाळी न्याहारीनंतर एकदम घेणे इष्ट, कारण शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळी सर्वाधिक असते आणि रात्री घेतलेली मात्रा झोप उडविते.

खरा प्रश्न औषध थांबविण्याचा आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना चेतविणे कमी करते आणि त्या ग्रंथी सुस्तावतात. तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ औषध घेतल्यावर ते एकाएकी बंद केले, तर शरीराला बाहेरून आणि आतून दोन्हीकडून कॉर्टिसॉल मिळत नाही. अशा वेळी ग्लानी, उलट्या, रक्तदाब खालावणे, प्रसंगी प्राणसंकटही ओढवते. म्हणून मात्रा साधारणतः आठवड्याला ५ मि.ग्रॅ. याप्रमाणे उतरवीत सहा ते आठ आठवड्यांत औषध संपविले जाते. हे वेळापत्रक औषध सुरू करतानाच तारखांसह लिहून दिलेले असावे. रुग्णाला दुसऱ्या आठवड्यातच बरे वाटू लागते आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. आरशात सुजलेला चेहरा आणि मुरमे पाहून कोणी तरुण मुलगा वा मुलगी गुपचूप गोळ्या सोडते. घरच्यांनाही ते कळत नाही. हा चेहरा औषध संपल्यावर पूर्ववत होतो, एवढे वेळीच सांगितले गेले तरी पुष्कळ अनर्थ टळतो. निद्रानाश, चिडचिड आणि मनाची अस्थिरता हेही औषधाचे परिणाम असू शकतात. परीक्षेच्या काळात ते स्वभावदोष समजले जातात, हे अन्यायाचे आहे.

मात्रा १० मि.ग्रॅ.च्या खाली आणताच तक्रारी परतत असतील किंवा औषध थांबविल्यापासून तीन महिन्यांत रोग उलटत असेल, तर रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून आहे असे मानतात. वर्षभरात दुसऱ्यांदा हे औषध लागणे हीही उपचाराची दिशा बदलण्याची खूण आहे. अशा वेळी तीच चिठ्ठी पुन्हा वापरणे म्हणजे निर्णय पुढे ढकलणे होय.

प्रारंभापूर्वीची दक्षता :

आपल्याकडे एक प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो : रक्ती आव अमीबाची तर नाही ना? अमीबाजन्य आतड्याचा दाह हुबेहूब कोलायटिससारखा दिसू शकतो आणि त्यात स्टिरॉइड दिल्यास आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. शौचाची तपासणी त्यामुळे टाळता येत नाही. सुप्त क्षयरोग जागा होणे, तसेच अनवाणी पायांतून शिरलेल्या स्ट्राँगिलॉइडिस कृमींचा शरीरभर फैलाव होणे हे धोकेही येथे पुस्तकी नाहीत. कोविडच्या साथीत, २०२१ साली, महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण पाहिले, त्यांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा सढळ वापर यांची जोडी वारंवार आढळली होती. मधुमेह्यांनी उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानू नये. सकाळच्या मात्रेनंतर साखर दुपारी-सायंकाळी चढते.

हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक वेगाने होते, म्हणून कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आरंभापासून दिले जाते. डोकेदुखी-अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. त्यांनी जठरातील व्रणाचा धोका वाढतो आणि कोलायटिसही चिघळू शकतो. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात वर्ज्य होत. लेबल नसलेल्या 'खात्रीशीर' पुड्यांत कधीकधी स्टिरॉइडच मिसळलेले असते, तेव्हा त्यांचा उल्लेख डॉक्टरांपासून लपविणे परवडणारे नाही. शस्त्रक्रिया वा गंभीर आजाराच्या वेळी, अगदी नुकतेच औषध थांबविलेले असले तरी, त्याची माहिती द्यावी लागते; तेव्हा अधिक मात्रेची गरज भासू शकते.

गोळ्यांची मर्यादा :

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित जुलाब आणि सोबत ताप, ९० च्या वर नाडी किंवा रक्तक्षय असेल, तर घरी गोळ्या वाढवीत बसणे योग्य नव्हे. अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल करून शिरेवाटे हायड्रोकॉर्टिसोन दिले जाते. तिसऱ्या दिवशीही जुलाब आठांहून अधिक असतील, तर बहुतेक रुग्णांना मोठे आतडे काढून टाकावे लागते, असे १९९६ मध्ये ऑक्सफर्ड येथूनच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. इन्फ्लिक्सिमॅब वा सायक्लोस्पोरिन द्यावे की शस्त्रक्रिया करावी, याची चर्चा पोटविकारतज्ज्ञ, शल्यविशारद आणि रुग्णाचे कुटुंबीय यांच्यात त्याच दिवशी सुरू व्हावी लागते.