गाडीचा एसी नीट चालत नाही? रुग्णाला घेऊन निघण्याआधी हे पाहा

मे महिन्यात आजी-आजोबांना तपासणीसाठी लांब न्यायचं असेल आणि गाडीचा एसी गार हवा देत नसेल, तर ती फक्त गैरसोय नसते. वयस्कर माणसं, लहान मुलं, गरोदर स्त्रिया, हृदयाचे किंवा किडनीचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना उकाडा लवकर बाधतो.

गॅरेजला जाण्याआधी थोडं निरीक्षण करा. हवा गार आहे पण झोत मंद आहे, तर बहुधा केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो. तो बदलणं सोपं आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर वर्षातून एकदा बदलाच. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा तपासून घ्या. झोत जोरात पण हवा गरम असेल, तर गॅस कमी झाल्याची शक्यता असते. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेण्यापेक्षा गळती शोधायला सांगा. घरी नळ्या उघडू नका. हा गॅस त्वचेला किंवा डोळ्याला लागला तर हिमदंशासारखी इजा होते.

कुबट वास बुरशीचा असतो. त्याने शिंका, खोकला आणि दमा वाढू शकतो.

खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची

एसी चालू ठेवून उभ्या गाडीत झोपू नका. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालूच ठेवू नका. सायलेन्सरच्या नळीला गळती असेल तर हा वायू आत येतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गाडीतल्या सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं, मळमळ किंवा गुंगी आली, तर उन्हाला दोष देण्याआधी इंजिन बंद करून मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा नॉर्मल दाखवू शकतो.

उष्माघाताची लक्षणं

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर सावलीत न्या, १०८ ला कळवा आणि लगेच अंगावर पाणी ओतून वारा घाला. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर प्रवासात किती प्यायचं ते आधीच विचारून घ्या. इन्सुलिन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका. ते उष्णतेने निकामी होतं, आणि दिसायला अनेकदा तसंच राहतं.