वज्रेश्वरीची उष्णोदक कुंडे आणि अवगाह स्वेदाची मात्रा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील ज्या घरात जुनाट संधिवाताचा रुग्ण आहे, त्या घरास वज्रेश्वरीचे नाव अपरिचित नसते. मुंबईपासून सुमारे ७५ कि.मी. अंतरावर तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे उष्णोदकाची कुंडे आहेत. १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी आप्पांच्या नवसपूर्तीचे म्हणून येथील देवीचे मंदिर प्रसिद्ध आहे. दर्शन आणि कुंडस्नान अशी जोड परंपरेने चालत आली आहे.

हे पाणी ज्वालामुखीमुळे तापलेले नाही. भूपृष्ठावरील पाणी भेगांतून खोलवर झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते व पुन्हा वर येते. सर्वसामान्यतः त्यास गंधकाचे पाणी म्हटले जात असले, तरी कोकणपट्टीतील बहुतेक झरे लवणप्रधान आहेत. म्हणून गुणाचे श्रेय प्रथम उष्णतेस, म्हणजेच स्वेदनास द्यावे लागते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात तेरा अग्निस्वेदांत अवगाहाची गणना केली आहे. कुंडस्नान हा अवगाहच होय. त्याच अध्यायात अस्वेद्य रुग्णांची यादीही आहे. गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी, मद्यपी यांच्यासमवेत मधुमेही त्यात स्पष्टपणे उल्लेखिलेला आहे.

हे सर्व ज्ञात असूनही आमच्या हातून प्रमाद घडला. जानुशूलाने त्रस्त असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त गिरणी कामगारांना आम्ही सहज म्हणालो, ‘‘काका, एकदा कुंडात बसून या.’’ ते अर्धा तास पाय सोडून बसले. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना मंदावली होती, चटका जाणवलाच नाही. दोन्ही तळपायांवर फोड घेऊन ते परतले. व्रणरोपणास दीड महिना लागला. दोष पाण्याचा नव्हता, मात्रा न सांगणाऱ्या वैद्याचा होता.

जपानमध्ये उष्ण झऱ्यांसाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे. पाण्यातील घटक व कोणी स्नान करू नये, याचा फलक स्नानगृहात लावावा लागतो. ओतानी नदीकाठचे किनोसाकी हे गाव सात सार्वजनिक स्नानगृहांसाठी प्रसिद्ध आहे. तेथेही अंग स्वच्छ धुऊनच कुंडात उतरण्याची शिस्त आहे. आपल्याकडे हा फलक वैद्याच्या चिठ्ठीवर असावयास हवा.

त्या चिठ्ठीत पुढील सूचना असाव्यात. आदल्या दिवशीचा आहार जीर्ण झालेला असावा. प्रथम स्नेहाभ्यंग करावा. पाण्याची उष्णता प्रथम हाताच्या कोपराने, आणि रुग्ण मधुमेही असल्यास सोबतच्या व्यक्तीने पाहावी. ४९ अंश सेल्सियसचे पाणी काही मिनिटांतच त्वचा भाजू शकते. शिरावर उष्णोदक घेऊ नये, ते नेत्र व केशांस अहितकर आहे. शैत्य व शूल शमले, स्तंभ व गौरव गेले, घाम आला की बाहेर यावे. तृष्णा, दाह वा भोवळ ही अतिस्वेदाची लक्षणे होत. तेव्हा शीतोपचार करावेत. हृद्रोगी, रक्तदाबाचे रुग्ण व व्रण असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याविना उतरू नये.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. ‘‘वज्रेश्वरीला निघालोय, महानारायण तेल द्या,’’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास ‘‘साखर आहे का?’’ एवढे अवश्य विचारावे. हा एक प्रश्न आम्ही वेळीच विचारला असता, तर त्या काकांचे दीड महिन्याचे दुःख टळले असते.