राक्षसी लाटेची पारख

छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी समुद्रापासून दीडशे मैलांहून अधिक दूर. तरी सागराचें एक गूढ उकलण्यास हा चौक उपयोगी पडतो. पैठण गेट, औरंगपुरा, मछली खडक अशा निरनिराळ्या वाटांनीं येथें माणसें येतात. सणासुदीच्या दिवसांत चोहोंकडचे लोंढे एकाच वेळीं येऊन ठेपले, म्हणजे चौकांत तीळ ठेवावयास जागा उरत नाहीं. थोड्याच वेळांत तो पुन्हां मोकळा होतो. समुद्रावरहि बहुधा असेंच घडतें. निरनिराळ्या वेगांच्या लाटांचे माथे एके ठिकाणीं जुळले, कीं शेजारच्या मोठ्या लाटांच्या दुप्पट उंचीची लाट उभी राहते आणि विरून जाते. हीच राक्षसी लाट होय.

खलाशांच्या अशा हकीकती पूर्वीं अतिशयोक्तीच्या मानल्या जात. १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील ड्रॉपनर मंचावरील लेसर यंत्रानें २५.६ मीटरांची लाट नोंदली. त्या वेळीं भोंवतालच्या मोठ्या लाटा सुमारें १२ मीटरांच्या होत्या. तेव्हां शंका फिटली.

किनाऱ्यालगत हें काम नांगरलेला तरंगता बोया करतो. रत्नागिरीसमोर अशा बोयानें लाटा मोजण्यांत आल्या असून, गोव्यांतील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें त्यांचा अभ्यास केला आहे. बोयाच्या पोटांतील यंत्र वरखालीं होणाऱ्या गतीचें त्वरण मोजतें. त्यावरून गणितानें पाण्याची उंची निघते. दहा सेकंदांस एक लाट धरली, तर अर्ध्या तासांत १८० लाटा होतात. त्यांतील सर्वांत उंच ६० लाटांची सरासरी म्हणजे ‘लक्षणीय उंची’. एखादी लाट हिच्या दुपटीहून उंच असली, म्हणजे ती राक्षसी ठरण्यास पात्र होते.

परंतु दुप्पट म्हणजे भयंकरच, असें नव्हे. संभवाच्या गणिताप्रमाणें सुमारें ३००० लाटांत एक अशी येतेच. म्हणजे सव्वाआठ तासांत एकदां. समुद्र अर्ध्या मीटराचा असेल तर ती मीटरभरच असते. पावसाळ्यांत तो तीन मीटरांचा झाला, कीं तीच लाट सहा मीटरांवर जाते.

शिवाय नोंद खरी कीं खोटी, हेंहि पाहावें लागतें. वाहता ओंडका किंवा जाळें अडकलें, तरी बोयास हिसका बसतो. पण असा आंकडा एकटाच उसळतो. खऱ्या लाटेस क्रमानें चढ व उतार असतो. उथळ पाण्यांत उंची खोलीच्या सुमारें पाऊणपट झाली, कीं लाट फुटते. त्याहून मोठा आंकडा संशयास्पद होय. उलट, बोया तीव्र माथ्याच्या बाजूनें निसटला तर खरी लाटहि कमी दिसते. विचित्र दिसणारा प्रत्येक आंकडा चूक म्हणून टाकला, तर खरें संकट कागदावरून पुसलें जातें. नोव्हेंबर २०२० मध्यें कॅनडांतील युक्लुलेटजवळ एका बोयानें १७.६ मीटरांची लाट टिपली. भोंवतालच्या लाटा सहा मीटरांच्याच होत्या.

बोया लाट येऊन गेल्यावर सांगतो, आधीं नव्हे. तरी त्याच्या नोंदींतून एक व्यवहारी धडा मिळतो. हैदराबादचें भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्रस्थितीचा अंदाज देतें. त्यांत ‘तीन मीटर’ ही लक्षणीय उंची असते, कमाल नव्हे. होडी लोटण्यापूर्वीं नाखव्यानें मनांत सहा मीटर धरावे, हेंच शहाणपण.