शंभर मिलिमीटरच्या मुलखात

‘यंदा पाऊस कमी झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो किती झाला हे कधी मोजून बोलतो का? माझ्या दुष्काळी तालुक्याची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. लडाखमध्ये लेहला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी पडते सुमारे १०० मिलिमीटर. आपल्याकडे वळवाच्या एका रात्रीत कधीकधी तेवढे पडून जाते. तरीही तिथे माणसे शेती करतात आणि पोट भरतात. कृषी खात्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला हे डोळ्यांनी पाहायचे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये मी आणि आमच्या सौभाग्यवती श्रीनगरहून कारगिलमार्गे तिकडे गेलो.

झोजीला खिंडीपर्यंत डोंगर हिरवेगार. खिंड ओलांडली आणि हिरवा रंग सुरीने कापल्यासारखा संपला. आपल्याकडे महाबळेश्वर धो-धो भिजते आणि पूर्वेकडचा माण-खटाव कोरडा राहतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे ढग अडवायला हिमालय उभा. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस आम्ही दोघे डोके धरून पडून होतो. जाणार असाल तर पहिले दोन दिवस काहीही करू नका, नुसती विश्रांती घ्या.

नंतर लेहच्या पश्चिमेला सिंधूकाठच्या एका लहान गावात चार दिवस राहिलो. उजाड डोंगराच्या कुशीत हिरव्या चौकडीच्या गोधडीएवढे गाव. घरच्या आजीबाईंना सगळे ‘आमा-ले’ म्हणत. आमा म्हणजे आई आणि ‘ले’ हे आदराचे. नमस्कारासाठी आणि निरोपासाठी शब्द एकच, ‘जुले’. तेवढ्यावर आमच्या सौ. चार दिवस आजींशी बोलत होत्या! धाब्यावर जर्दाळू वाळत घातलेले, शेजारी गुरांसाठी लसूणघासाच्या पेंढ्या. हिवाळ्यात सगळे गोठते, तेव्हाची ही बेगमी.

मुख्य पीक सातू. तो भाजून दळतात आणि चहात कालवून खातात. तोंडात टाकला आणि मला माझ्या आजीच्या हातचे गूळ घालून कालवलेले सातूचे पीठ आठवले. खळ्यावर तर मी गावी आल्यासारखाच उभा राहिलो. मधे तिवडा, भोवती पात धरलेली जनावरे. बैलांच्या जागी झो, म्हणजे याक आणि गायीचा संकर, एवढाच फरक. उफणताना वारा पडला की शीळ घालून त्याला बोलावतात. आता तिथेही मळणीयंत्रे आली आहेत, पण शीळ अजून ऐकू येते.

संडास घराच्या वरच्या मजल्यावर. पाणी वापरायचे नाही, वरून माती आणि राख लोटायची. खाली वर्षभर कुजलेले खत वसंतात शेतात जाते. सौ.नी नाक मुरडले. मी म्हटले, आपल्या भाषेत याला सोनखत म्हणतात, ते उगीच नाही.

पण मला मुख्य पाहायचे होते ते पाणी. डोंगरावरच्या हिम-बर्फाचे पाणी पाटाने गावात येते, रात्री तळ्यात साठते आणि पाळीने शेतात जाते. अडचण अशी, की पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि वरचे बर्फ जोरात वितळते ते त्यानंतर. यावर चेवांग नोर्फेल या निवृत्त स्थापत्य अभियंत्याने तोड काढली. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच, कमी उंचीवर अडवून गोठवायचे. ते लवकर वितळते आणि पेरणीला मिळते. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी पुढे त्याच बर्फाचे उंच स्तूप केले. निमुळत्या आकाराला ऊन कमी लागते, म्हणून बर्फ जास्त दिवस टिकते. पंप नाही, नुसता नळातल्या उताराचा जोर.

पाळ्या सांभाळणारा माणूस म्हणजे ‘चुरपोन’. धुळ्या-नाशकाकडे फड पद्धतीत पाटकरी असतो, त्याचाच हा भाऊबंद. या गावात हे काम दरवर्षी घराघरांतून फिरते. मी विचारले, “रात्री कोणी पाणी तोडले तर?” फावड्यावर हात ठेवून तो हसला. दुभाष्या मुलाने सांगितले, “ते म्हणतात, यंदा फावडे माझ्या हातात आहे. पुढे तोडणाऱ्याच्याच हातात येईल. तेव्हा तो कोणाला काय सांगणार?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण विरळ हवा नव्हती.

वाचकहो, गावी माझी आणि चुलतभावाची विहीर सामाईक आहे. लाईट गेली की कोणाच्या पाळीतले तास बुडाले, यावरून आमचे दोन वर्षे बोलणे बंद होते. तो त्याची वही ठेवी, मी माझी. दोन्ही वह्यांचा मेळ कधीच बसला नाही. जगाला पाणीवाटपाची भाषणे देणारा मी. पण माझ्या वहीतही दोन-चार तास माझ्या बाजूने झुकलेले होते, हे मला ठाऊक होते.

परत आल्यावर जर्दाळूची पुडी आणि माझी वही घेऊन त्याच्या दारात गेलो. म्हटले, “दादा, यंदा एकच वही. तू ठेव, पुढच्या वर्षी मी ठेवीन.”

त्याने पुडी वहिनींच्या हातात दिली. वही उघडून बराच वेळ पाने चाळत राहिला. मग म्हणाला, “मागच्या चैत्रातले चार तास मी बी जास्तीचे लिवले व्हते. ते आधी कापून घे.”