इंग्रजीचे बारा काळ आणि पाच गैरसमज

तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा. हा तक्ता शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो. तो सोयीचा आहे, पण त्यातून क्रियापदाचं रूप आणि प्रत्यक्षातली वेळ एकच, असा समज होतो. घोळ तिथेच सुरू होतो.

गैरसमज १ : भविष्यकाळासाठी ‘विल’ हवंच.
वस्तुस्थिती : मराठीत ‘जा’चं ‘जाईन’ होतं. इंग्रजी क्रियापदाला असं भविष्यकाळी रूपच नाही. काळाची रूपं दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्य सांगायला ‘विल’ किंवा ‘गोइंग टु’ जोडतात, नाहीतर सरळ वर्तमानकाळ वापरतात : ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमारो’. उलट, बेल वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हटलं, तर तो आत्ताचाच अंदाज असतो. आपणही ‘पोस्टमन असेल’ म्हणतोच की!

गैरसमज २ : भूतकाळी रूप म्हणजे घडून गेलेली गोष्ट.
वस्तुस्थिती : ‘इफ आय हॅड मनी टुडे’ यात गोष्ट आजची आहे, ‘हॅड’ सांगतं ते इतकंच, की पैसे नाहीत. ‘कुड यू हेल्प मी?’ हीसुद्धा आत्ताचीच विनंती, फक्त जास्त अदबीची.

गैरसमज ३ : ‘मी काल बँकेत गेलो होतो’ म्हणजे ‘आय हॅड गॉन टु द बँक यस्टरडे’.
वस्तुस्थिती : मराठीतला ‘होतो’ आपण जसाच्या तसा इंग्रजीत नेतो. नुसती कालची गोष्ट सांगायला ‘आय वेंट’ पुरतं. भूतकाळातल्या एखाद्या क्षणाच्याही आधी काही घडलं असेल, तर ‘हॅड’ लागतं : ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. तसंच ‘तो कालच आलाय’ हे मराठीत चालतं, पण ‘ही हॅज कम यस्टरडे’ चालत नाही. संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की ‘हॅज’ जातं आणि ‘केम’ येतं.

गैरसमज ४ : ‘आय’ आणि ‘वी’नंतर ‘शॅल’च हवं.
वस्तुस्थिती : हा नियम इंग्लंडच्या जॉन वॉलिस यांनी १६५३ साली आपल्या लॅटिन भाषेतल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि पुढे शाळांनी तो उचलून धरला. आज सर्वत्र ‘विल’ चालतं. ‘शॅल’ उरलंय ते मुख्यतः ‘शॅल वी गो?’सारख्या प्रश्नांत आणि कायद्याच्या भाषेत.

गैरसमज ५ : भूतकाळाचा ‘ईडी’ प्रत्यय सगळीकडे सारखाच उच्चारायचा.
वस्तुस्थिती : उच्चार तीन आहेत. ‘वॉक’चं ‘वॉक्ट’, ‘प्ले’चं ‘प्लेड’. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड हा ध्वनी असेल तरच जास्तीचा स्वर येतो : ‘वाँट’चं ‘वाँटिड’.

तक्ता पाठ असू द्या, पण वाक्य करताना मराठी ‘होतो’, ‘आहे’ यांना इंग्रजी जोड शोधत बसू नका. ‘हॅड’ लिहिलंत, तर स्वतःला विचारा : हे कशाच्या आधी घडलं? उत्तर सापडलं नाही, तर ‘हॅड’ बेलाशक खोडा.