ग्रॅम्बलिंगचे वस्ताद

मंडळी, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. गडी तो हातात घेऊन पळतात नाहीतर फेकतात, आणि समोरचे अकरा जण त्यांना धरून पाडतात. तिथल्या कॉलेजांतून या खेळाचे भारी वेड. तो शिकवणारा कोच म्हणजे आपल्या तालमीतला वस्तादच म्हणा ना!

असेच एक वस्ताद होते एडी रॉबिन्सन. जन्म १९१९ चा, लुईझियाना राज्यातला. वडील अर्धेलीने शेत करीत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. तिकडे त्या काळी काळ्या-गोऱ्यांच्या शाळाही वेगळ्या. कॉलेज शिकूनसुद्धा हा तरुण पशुखाद्याच्या गिरणीत ताशी पंचवीस सेंटांवर राबत होता. १९४१ साली ग्रॅम्बलिंग गावच्या कृष्णवर्णीयांच्या लहानशा कॉलेजाने त्यांना कोच नेमले. नेमले म्हणजे काय, तर मैदानातले गवत कापायचे, रेघा आखायच्या, आणि सामना झाला की वर्तमानपत्राला बातमीही आपणच लिहून धाडायची. पहिल्या वर्षी जिंकण्यापेक्षा हरणेच जास्त झाले. दुसऱ्या वर्षी मात्र नऊच्या नऊ सामने जिंकले, तेही समोरच्याला एक गुण न देता!

परगावी निघाले की शिदोरी बरोबर घ्यायची, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या खाणावळीत त्यांना कोणी वाढत नसे. एकदा दोन गडी कापूस वेचणीपायी घरी अडकले. वस्तादांनी सगळा संघच त्या शेतात नेला आणि कापूस वेचून दिला, असे सांगतात. वेचणीच्या दिवसांत वर्ग कसे रिकामे पडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्या गुरुजींना यातले मर्म निराळे सांगायला नको.

मला विचाराल तर सामन्यांपेक्षा त्यांची घंटा मोठी. गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवीत ते सकाळी वसतिगृहातून फिरत. गडी उठून वर्गात गेला पाहिजे, खेळ त्यानंतर.

त्यांचे दोनशेहून अधिक गडी पुढे धंदेवाईक संघांत गेले. पहिला गेला टँक यंगर, १९४९ साली. १९९७ साली वस्ताद निवृत्त झाले तेव्हा ४०८ विजय त्यांच्या नावावर होते. शेवटची दोन-तीन वर्षे तेवढी पडतीची गेली. डग विल्यम्स हा त्यांचाच चेला. संघाचा डाव चालवणाऱ्या गड्याला तिकडे क्वार्टरबॅक म्हणतात. त्या जागी खेळून १९८८ साली देशाचे अजिंक्यपद मिळवून देणारा तो पहिला कृष्णवर्णीय. १९९८ साली ग्रॅम्बलिंगला वस्तादांच्या जागी कोच म्हणून आला, तो हाच विल्यम्स.